उजव्या बाजूची काजं

लोकरीवर ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवली की मेंढरासारखा वास येतो, आणि त्या वासाने मला अजून एका जागी बसवत नाही. साठ सालच्या सुमारास बंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या घरात मी धाकट्या भावासाठी पहिलावहिला कोट शिवला. त्याला मुलाखतीला जायचं होतं. तोवर मी फक्त पोलकी शिवलेली. आठवडाभर जिवाला चैन नव्हतं. जेवता जेवता उठून कॉलर बघायची, लावलेली बाही पुन्हा उसवायची. मुलाखतीच्या सकाळी तो आरशासमोर बटणं लावायला गेला आणि त्याची बोटं अडखळली. पोलक्याच्या सवयीने मी काजं उजवीकडे, बायकांच्या बाजूला कापली होती. कापलेलं काज काही परत मिटत नाही. ‘‘सरी, ठीक आहे, अक्का,’’ तो म्हणाला, ‘‘फाईल आहे की माझ्याकडे.’’ फाईल छातीशी धरून तो गेला. मी दुपारपर्यंत फाटकापाशी येरझारा घालत राहिले. नोकरी मिळाली. पुढे चांगल्या शिंप्याकडचे कोट आले, पण समोर भिंतीवर त्याचा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो आहे, त्यातही त्याने फाईल तशीच छातीशी धरली आहे.