नळावरची चौकशी

तोंडातली कडुलिंबाची काडी बाजूला सारून तो नळावर येणाऱ्या प्रत्येकाला अडवायचा. "आ के ओरा ती आल्त्सी?" आणि मग आपणच अर्थ सांगायचा, "कितीला उठता?"

आता तुम्हीच सांगा, सोलापुरात ही विचारायची गोष्ट आहे का? गिरणीचा भोंगा झाला की सगळी चाळ एकदमच उठते. मग हा रोज काय विचारतो? तेवढ्यावर थांबायचाही नाही. न्याहारीला काय खाल्लं, कामाला कुठल्या वाटेनं जाता, आल्यावर कुणाकडं बसता. मला हा माणूस पहिल्यापासून खटकायचा.

आम्ही दोघं एकाच गिरणीत, एकाच साळखात्यात मागावर, आणि राहायलाही समोरासमोर. जर्मन लढाईत त्याला मजूर म्हणून इटलीतल्या एका बंदरावर नेलं होतं. तिथं तापानं तो दवाखान्यात पडून राहिला. एक म्हातारी नन रोज खाटेशी येऊन हेच प्रश्न विचारायची, आणि तेवढीच भाषा हा शिकून आला. हे सगळं त्याचं सांगणं. खरं कशावरून? "बोललं न्हाय तर इसरंल की," म्हणायचा आणि एका वहीत आम्हा सगळ्यांची नावं घालून आमच्या सवयी त्या भाषेत लिहून ठेवायचा. अक्षरं आपली, पण एका शब्दाचा अर्थ लागेल तर शपथ.

त्यात शहरात मार्शल लॉ आला. माझा थोरला भाऊ रोज सकाळी सदऱ्याखाली सरकारविरुद्धची पत्रकं लपवून बाहेर पडायचा. हा नळावर हजरच! एकदा भावाला बाजूला घेऊन काहीतरी कुजबुजताना मी त्याला पाहिलं. आठ दिवसांत पोलिसांनी भावाला वाटेतच धरलं.

माझं डोकंच फिरलं. नळावर सगळ्यांदेखत मी त्याची वही हिसकावली. भावाच्या नावाखाली चांगल्या पाच ओळी होत्या.

"ह्यो खबऱ्या हाय!" मी ओरडलो.

"आवं, सवयी हायत्या ह्या, नुसत्या सवयी," तो म्हणाला. "तितं परक्या मुलखात कुणीतरी रोज माजी चौकशी केली. लई बरं वाटायचं. म्हणून मी बी इचारतो."

कुणी ऐकलं नाही. त्या दिवसापासून त्याची घागर रांगेतून काढून ठेवू लागले. सगळ्यांचं पाणी झाल्यावर, नळ चालू असला तर, त्यानं भरायचं. खात्यातही त्याच्याशी कुणी बोलेना. महिन्याभरात तो खोली सोडून गेला. खरं सांगतो, मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं.

भाऊ सुटून आला. तो जेवत असताना मी मोठ्या तोऱ्यात हा पराक्रम सांगितला. त्यानं हातातला घास ताटात ठेवला.

"येड्या, रोज एकाच टायमाला, एकाच वाटेनं नगा जाऊ, लोकांच्या ध्यानात येतंय, असं त्यानंच मला सांगितलं हुतं. मीच ऐकलं न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून मी त्या माणसाचा पत्ता काढायला लागलो.

तो कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात लागल्याचं कळलं. सुट्टी होण्याच्या वेळी मी दाराशी जाऊन उभा राहिलो. तो आला, पार वाळला होता. मी पाया पडलो, भाऊ काय म्हणाला ते सांगितलं, माफी मागितली. त्यानं मला उठवलं. "व्हय, जाऊ द्या," म्हणाला. चहा पाजला. गाडीत जागा धरून दिली आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभा राहिला.

एवढ्या वेळात त्यानं मला एकही गोष्ट विचारली नाही.