वाळ्याचा पडदा आणि कुपीतलं जड पाणी

सातवीनंतर शाळा सुटली आणि मिठागरातला मी दौंडला येऊन पडलो. गावाबाहेरच्या लहानशा प्रयोगशाळेत नळ्या-बाटल्या धुवायचं काम मिळालं. जेवण पहारेकरी मामांच्या घरी. परमुलखात एवढं कोण करतं?

प्रयोगशाळा चालवणाऱ्या बाई शिरूरच्या, मिशनच्या वस्तीतल्या. अमिनो आम्लं पाण्यात कशी राहतात, हे त्या अवरक्त किरणांच्या यंत्रावर पाहत. पण त्यांना हवे असलेले किरण साधं पाणीच गिळून टाकी. म्हणून त्यांनी खटपट करून जड पाणी मागवलं होतं. ते त्या ठिकाणी किरण जाऊ देतं. बंद कुपीत घोटभर, आणि दुसरी कुपी मिळण्याची आशा नव्हती. उघडल्यावर ते हवेतली ओल ओढून घेई, मग वाया. यंत्रातला लोलक तर मिठाचाच. घरी आम्ही मीठ फावड्यानं ओढायचो. इथं त्याला बोट लावायची बंदी, बोटाच्या ओलीनंही तो विरघळायचा. ओल कळावी म्हणून बरणीत निळे दाणे असत; हवा ओली झाली की ते गुलाबी होत. ते मी सारखे बघायचो.

"दाण्यांना दृष्ट लावशील," बाई म्हणायच्या.

कुपी फोडायच्या दिवशी आत शिरलो तर गार वाटलं. दाराला वाळ्याचा भिजवलेला पडदा, फरशीवर पाणी शिंपडलेलं. हे मामांचंच काम. बाईंच्या हातात कुपी होती, आणि बरणीतले दाणे गुलाबी. बोललो तर मामांवर येणार, न बोललो तर बाईंचं काम वाया जाणार. 

"बाई, थांबा. दाणे बघा."

बाईंनी कुपी हळूच खाली ठेवली. मामा दारातच उभे होते.

"उन्हातनं येता, वाईच गार वाटंल म्हनलं. म्हंजी म्या घात केला व्हय?"

"न्हाई मामा, कुपी अजून बंद हाय," बाई त्यांच्याच बोलीत म्हणाल्या. "पडदा तुमच्या खोलीला लावा. तिथं ऊन जास्त."

फरशी पुसली, खिडक्या लावल्या, दाण्यांची बरणी तापवून वाळवली. ओल उडावी म्हणून यंत्राजवळचे दिवे दिवसरात्र जळत ठेवले. भट्टीसारख्या त्या खोलीत दाणे पुन्हा निळे झाले, तेव्हा बाईंनी कुपी फोडून त्या पाण्यात आम्ल विरघळवलं.

यंत्राचं पेन कागदावर सरकत गेलं, आणि साध्या पाण्यानं आजवर झाकलेल्या जागी आम्लाची खूण उमटवत खाली उतरलं. बाई कितीतरी वेळ त्या खळग्याकडे बघत राहिल्या.

मी दार किलकिलं केलं. मामा पार फाटकापाशी जाऊन बसले होते.

"मामा, आलं. या ना बघायला."

"नगं बाबा. मानसाचा श्वास बी ओला असतोय. तूच सांग, कसं दिसतंय?"