काचेवरचं कुंकू

सवतीची ओटी भरायला जायचं म्हणजे काय, ते सुंदराला खंडेनवमीच्या दिवशी कळलं.

सवत म्हणजे बाई नव्हे, यंत्र. शिळफाट्याला मिठाईच्या दुकानावरच्या मजल्यावर आबाजीशेठचं केबलचं चॅनल आहे. संध्याकाळी सातला तिथून कर्जत-खालापूरच्या बातम्या थेट दाखवतात. त्या बातम्यांचा कॅमेरा इतकी वर्षं चौक गावची सुंदरा चालवायची. आधी ती लग्नांचं शूटिंग करत असे. बायकांच्या हळदीत पुरुष कॅमेरावाला नको, म्हणून लोक तिला मुद्दाम बोलवायचे. तिथूनच शेठनी तिला उचललं.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाला शेठनी नवे कॅमेरे आणले, माणसाशिवाय चालणारे. टेबलावरचं बटण दाबलं की आपले आपण वळतात, पुढं येतात, बोलणाऱ्याचं तोंड शोधतात. नावाच्या पट्ट्या, जाहिराती, सगळं त्या बटणात. चित्रं जुळवणारा मिक्सरवाला गेला, आवाजवाला गेला, सुंदरा गेली. उरली एकटी हर्षला, बातम्या वाचणारी. बटणही तिच्याच हाताखाली.

नोकरी गेल्याचं वाईट वाटलंच. पण सुंदराच्या नवऱ्याचं, सखाचं, चौकला हायवेवर गॅरेज होतं. चूल काही विझणार नव्हती. तिला जाळत होतं ते वेगळंच. हर्षला पहिल्यांदा वाचायला बसली तेव्हा लटलट कापत होती. कॅमेऱ्यामागून सुंदराच म्हणाली होती, "माज्याकडं बघ गं. मलाच सांगतेस असं सांग." तेव्हापासून पोरगी तिच्याकडं बघून बोलायची. लोक म्हणायचे, हर्षला कशी घरातल्यासारखी बघते! सुंदरा मनात म्हणायची, बघते ती माझ्याकडं. तुमच्यापर्यंत येतंय ते उष्टं.

आता ती रोज सातला टीव्हीपुढं बसायची, हर्षला कुठं चुकते ते टिपायला. एखादा शब्द अडखळावा, नजर भिरभिरावी. देवापुढं दिवा लावतानासुद्धा हेच मागणं तोंडाशी यायचं आणि ती जीभ चावायची. हर्षला चुकत नव्हती. उलट पहिल्यापेक्षा गोड दिसायची.

"बया! त्या डब्याकडं बघून हसते कशी बघा."

सखा ताटातून मान वर न करता म्हणाला, "मी हसलो तर येवडं निरखून बगत नाईस कदी."

"तुमी जेवा गुमान."

एक आशा मात्र तिनं सोडली नव्हती. हर्षलानं शेठच्या कानावर एक शब्द घालायचा होता: मला सुंदराताई लागते. शेठ तिचं ऐकायचे. एका माणसाचा पगार त्यांना जड नव्हता. श्रावण सरला, गणपती गेले, घट बसले, पण हर्षलाचा शब्द काही पडला नाही.

फोन आला तो शेठचा. "सुंदराबाई, दरसाल यंत्रांची पूजा तुमच्या हातची होते. यंदा खंड नको. बातम्यांच्या आधी या."

देवाच्या कामाला नाही कसं म्हणायचं? झेंडूच्या माळा, नारळ, वाटीत ओलं कुंकू, असं ताट पदराखाली धरून ती जिना चढली. आत तीन काळी धुडं उभी होती. मधलं तिच्याकडं वळलं. ती बाजूला सरकली तर तेही सरकलं.

"ताई!" हर्षला धावत आली. "किती बारीक झालीस गं! सखादादा उपाशी ठेवतात का?"

"तू बरी गोरी झालीस. यंत्राची किमया दिसते."

हर्षला हसून टेबलामागं बसली, छातीशी माइक लावायला लागली. सुंदरानं माळा घातल्या, नारळ फोडला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, ह्या मुक्याकडं बघून बोलवतं तरी कसं तुला?"

"मी कुठं बघते त्याच्याकडं? त्याच्या खाली छोटा पडदा हाय ना, त्यावर अक्षरं सरकतात. ती वाचते. आधीपण तेच करायची की."

"माज्याकडं नाय बघायचीस?"

"पहिले आठ-पंधरा दिवस बघितलं असंल. मग कुठलं? एवढे दिवे तोंडावर, तू दिसायचीसच कुठं, ताई? नुसता काळोख." बोलताना तिचं सगळं लक्ष माइकच्या चिमट्यात होतं. तिच्या मनात काही नव्हतं, हे सुंदरालाही दिसत होतं. म्हणूनच ते जास्त झोंबलं.

कॅमेऱ्याला कुंकू लावायचं ते पाठीला. काचेला बोट लावणाऱ्याच्या हातावर सुंदरा चापट मारायची. एकदा खुद्द शेठच्या हातावर मारली होती. आज तिनं बोट कुंकवात बुडवलं. कडेच्या दोघांना पाठीवर लावलं आणि मधल्याला, हर्षलासमोरच्याला, थेट काचेवर. चांगलं ठसठशीत. तोंडानं देवाचं नाव चालूच होतं.

"चला, वेळ झाली," म्हणत शेठ तिला बाहेरच्या खोलीत घेऊन आले. तिथं टीव्ही लावलेला होता. हर्षलानं नमस्कार केला. तिच्या कपाळावर तांबडं धुकं होतं. कुंकवात पाणी जरा जास्त झालेलं. ते धुकं हळूहळू नाकावरून खाली ओघळायला लागलं. हर्षला फुलबाजाराची बातमी वाचत होती, त्याच हसऱ्या चेहऱ्यानं. सुंदराला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, जिवाला गार वाटलं.

शेठचा फोन वाजला. "अहो, रक्त नाही हो ते... अहो, ऐका तर!" शेठना घाम फुटला. फोनमधून हर्षलाच्या आईचं रडणं खोलीभर ऐकू येत होतं. "माज्या पोरीच्या कपाळातनं रगत चाल्लंय आनि तुमी तिच्याकडनं बातम्या काय वाचून घेता! कोन हाय का नाय तिच्याजवळ?"

कोणीच नव्हतं. शेठना बटण ठाऊक नव्हतं, आणि बटणवालीची नजर अक्षरांवर. खूण करायला कॅमेऱ्यामागं माणूस नव्हता. आईचं रडणं थांबेना. सुंदराला ते ऐकवेना. ती उठली, दार लोटून आत शिरली आणि पदरानं काच पुसली. घराघरांतल्या टीव्हीवर घडीभर नुसता हिरवा पदर दिसला. आधी कुंकू जास्तच फासलं गेलं, मग निघालं. हर्षला एक शब्द चुकली नाही. फक्त तिचे डोळे अक्षरांवरून वर आले. पदर, लाल झालेली बोटं, सगळं बघून पुन्हा खाली गेले.

बातम्या संपल्या तसे शेठ आत आले, फोन अजून हातातच. "मी म्हणत नव्हतो, माणूस तो माणूस! पोरीची आई तर मला खायलाच उठली होती. सुंदराबाई, वाचवलंत. हर्षला, तूच सांग, यांना परत ठेवायचं का? तू म्हणशील तसं."

हाच तो शब्द.

हर्षलानं दिवे बंद केले, माइक काढून टेबलावर ठेवला आणि सुंदराकडं बघितलं. सरळ डोळ्यांत. असं कोणी आपल्याकडं बघावं म्हणून सुंदरा इतकी जळली होती, आणि आता तिचीच मान वर होईना.

"ताई, काचेला बोट लावलं म्हणून शेठना मारलं होतंस ना तू?" हर्षला तिलाच ऐकू जाईल इतकं हळू म्हणाली. मग शेठकडं वळून मोठ्यानं, "नको, शेठ. काच मी पुसत जाईन."

"आँ? अगं पण..." शेठ दोघींकडं बघत राहिले.

प्रसाद वाटायचा राहिला होता. सुंदरानं ताट उचललं. शेठना खोबरं दिलं. हर्षलापुढं गेली तेव्हा वाटलं, ही नको म्हणेल. हर्षलानं दोन्ही हात पुढं केले, तुकडा कपाळाला लावला आणि खाल्ला. देवाचं ते देवाचं.

ताटात सुंदराच्या वाटणीचा तुकडा उरला होता. तो तोंडात घालायला तिचा हात उठेना. ताट तसंच पदराखाली घेऊन ती जिना उतरली आणि चौकच्या रिक्षाला हात केला.