सुदामचा प्रेसल आणि अण्णांचा रेडिओ

आमची पोस्ट बारा हजार फुटांवर होती. मी सिग्नल्सचा नाईक, ट्रेड रेडिओ मेकॅनिक. काम सरळ होतं. सकाळी ०५३० ला बॅटऱ्या तपासायच्या, ०६०० ला सगळ्या स्टेशनांशी बोलून आवाज कसा येतो ते नोंदवायचं, मग बिघडलेले सेट उघडायचे. प्रत्येक सेटला पुठ्ठ्याचा टॅग बांधायचा आणि काय बदलायचं ते त्यावर लिहायचं. माझे टॅग कधी चुकले नाहीत. तोंडी सांगितलेलं मी काम धरत नसे, अजूनही धरत नाही.

त्याच पोस्टवर लान्स नाईक सुदाम ऑपरेटर होता. तो युसूफ वडगावचा, मी नेकनूरचा. युनिटमध्ये आम्हा दोघांना बीडवाले म्हणत. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. लोकांसमोर मला उस्ताद म्हणायचा, एकटे असलो की बे.

त्याच्या हँडसेटमध्ये एक दोष होता. बोलताना जे बटण दाबून धरतात त्याला आम्ही प्रेसल म्हणतो. त्याच्या प्रेसलची स्प्रिंग ढिली झाली होती. एकदा दाबलं की पत्रा उसळून दोनदा टेकायचा. ऐकणाऱ्याला आधी टक-टक ऐकू यायचं, मग सुदामचा आवाज. बाकी सगळ्यांच्या हँडसेटची एकच टक.

मी तीन वेळा म्हणालो, "दे इकडं, बदलतो."

"कावून?"

"दोष आहे म्हणून."

"बोलता येतंय, ऐकू येतंय. चालतंय ना?"

"उद्या बंद पडला तर?"

"पडल्यावर बघू. तू लई बदलू माणूस हायस बे. लग्न झाल्यावर बायकोलाबी टॅग लावशील."

मी टॅग लिहून ठेवला होता, बांधला नव्हता. स्टोअरला स्प्रिंग येईपर्यंत थांबू, असं ठरवलं.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. त्या दिवशी तीन पार्ट्या तीन दिशांना गेल्या. वन, टू आणि थ्री. थ्रीमध्ये पाच जण, त्यांचा ऑपरेटर सुदाम. नाल्यापलीकडचा दोर तपासून १६०० पर्यंत परत यायचं होतं. १३३० ला बर्फ सुरू झालं. १४०० ला तिघांनीही सगळं ठीक असल्याचं कळवलं.

ड्यूटीवरचा ऑपरेटर जेवायला गेला म्हणून सेटवर मी बसलो होतो. १४२५ ला कोणीतरी प्रेसल दाबला. आवाज नाही. पुन्हा दाबला. आवाज नाही. कॅप्टनसाहेब मागे उभे होते.

"कौन है?"

"थ्री, सर."

"आवाज पहचाना?"

"आवाज नहीं है, सर. स्विच पहचाना."

साहेबांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पूछो."

माइक फुटला असेल किंवा त्यात बर्फ गेलं असेल, असा माझा अंदाज होता. सेट चालू होता, फक्त बोलणं जात नव्हतं. मी म्हणालो, "थ्री, आवाज नहीं आ रहा. एक बार दबाओ तो हाँ, दो बार दबाओ तो ना. समझे? ओव्हर."

टक-टक. सुदामच्या हातात तो एक दाब होता, म्हणजे हो.

"हिमस्खलन?"

टक-टक.

"नाले से पहले?"

टक-टक. टक-टक. म्हणजे नाही.

"नाले के पार, बड़े पत्थर के नीचे?"

टक-टक.

पुढे कितीजण जखमी, दोर जवळ आहे का, असं एकेक विचारत गेलो आणि वहीत वेळ टाकत गेलो. १४४० ला सुभेदारसाहेब दहा जण घेऊन निघाले. वन आणि टू उलट्या बाजूला होत्या. कोण बोलवतंय हे कळलं नसतं तर आधी तिघांनाही हाका मारत बसावं लागलं असतं, आणि त्या बर्फात चुकीच्या बाजूला गेलेली पार्टी अंधार पडायच्या आत परत फिरली नसती.

दर पाच मिनिटांनी मी हाक मारत होतो. १५१२ ला म्हणालो, "थ्री, पार्टी नाले तक पहुँच गई है. सुना?"

टक-टक.

१५१७ ला उत्तर आलं नाही. १५२२ लाही नाही.

सुभेदारसाहेब १५५० ला पोचले. चौघे जिवंत होते. सुदाम छातीपर्यंत बर्फात होता, बरगड्या मोडल्या होत्या. सेट त्याने डोक्याच्या वर एका खडकावर ठेवला होता. हँडसेट हातात होता. सोडवायला बोटं एकेक करून उघडावी लागली, एवढंच सुभेदारसाहेब मला म्हणाले.

हँडसेट तपासणीसाठी माझ्याकडेच आला. मी टॅग लिहिला: माइक निकामी, प्रेसल ढिला, दोन्ही बदलावे. नियम तोच होता. आठ दिवसांत तो वर्कशॉपमधून दुरुस्त होऊन आला. नवा ऑपरेटर बोलला तेव्हा एकच टक ऐकू आली. सेट उत्तम होता. मी तसं नोंदवलं आणि बाहेर जाऊन बॅटऱ्या मोजत बसलो.

हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि नेकनूरला आलो. शेती भाऊ बघतो. मी घराच्या पुढच्या खोलीत काचेच्या व्हॉल्व्हचे जुने रेडिओ दुरुस्त करतो. बीड, माजलगाव, कुठून कुठून लोक आणतात. काम पुरेसं आहे, घाई नाही, बायको दोनदा चहा देते. दिवस चांगले जातात.

लोक म्हणतात, सगळं नवं टाका. काही म्हणतात, काही बदलू नका, पुरातन वस्तू आहे. दोघांनाही मी माझे नियम लिहिलेला एकच कागद दाखवतो. दोरा गुंडाळलेली जुनी वायर बदलायचीच, तिचं रबर कुसकरलेलं असतं आणि शॉक लागून माणूस मरतो. कागदी कंडेन्सर बदलायचे. ते गळायला लागले की मागचा चांगला व्हॉल्व्हही घेऊन जातात. रेझिस्टर मोजायचे, फार सरकले असतील तेवढेच काढायचे. व्हॉल्व्ह पेटत असेल आणि आवाज देत असेल तर हात लावायचा नाही, कितीही काळवंडलेला असो. पहिल्यांदा वीज देताना मध्ये शंभर वॅटचा बल्ब जोडायचा. बल्ब लख्ख पेटला की आत शॉर्ट आहे समजायचं. शेवटचा नियम: काढलेला प्रत्येक भाग टॅग लावून पिशवीत ठेवायचा. मालक रेडिओ ऐकून सही करेपर्यंत तो पिशवीतून हलवायचा नाही.

दर फेब्रुवारीत मी युसूफ वडगावला जातो. सुदामचे वडील, अण्णा, आता ऐंशीच्या पुढे आहेत. यंदा निघताना त्यांनी माळ्यावरून पोत्यात बांधलेला रेडिओ काढायला लावला.

"सुदाम गेल्यापासून लावला न्हाई. बोलतो का बघ."

पाच व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीचा. माजलगावच्या बाजारात जुना घेतलेला. मोटारसायकलला बांधून आणला. काम चार दिवसांचं निघालं. वायर, सहा कंडेन्सर, दोन रेझिस्टर. व्हॉल्व्ह पाचही जिवंत. स्पीकरचा कागदी कोन मात्र कुरतडलेला होता. त्यावर कुणीतरी निळा पतंगाचा कागद डिंकाने चिकटवला होता. डिंक फुगला होता, एक कड सुटली होती. जाड आवाजाला तो कागद थरथरायचा. अण्णांना चांगलं द्यायचं म्हणून मी स्पीकरच बदलला.

नवा स्पीकर रशीदभाईकडून आणला. विजेच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं त्याचं दुकान माझ्या घरासमोर आहे. तो म्हणाला, "हवालदार, जुना मला दे. चुंबक चांगला हाय त्याचा."

"मालकाची सही झाल्यावर."

"अरे यार, ऐंशी वर्षांचा म्हातारा फाटका स्पीकर मागायला येणार हाय का? तुझा कायदा म्हणजे लईच बे!"

मी हसलो आणि दिला. इतक्या वर्षांत नियम एकदाच मोडला, तो त्या दिवशी.

रविवारी ११०० ला अण्णांच्या ओसरीवर रेडिओ लावला. व्हॉल्व्ह तापले, बातम्या स्वच्छ आल्या. मग भजन लागलं, ढोलकी सुरू झाली. अण्णा मान खाली घालून ऐकत होते.

"आवाज लई चांगला झाला," ते म्हणाले. "पर ह्यो आमचा रेडिओ न्हाई."

"अण्णा, पेटी तीच आहे. व्हॉल्व्ह तेच."

"आमच्यात ढोलकी वाजली की माशी गुणगुणायची. उंदरानं आतला कागद खाल्ला हुता. सुदाम नववीत हुता, पतंग फाडून लावला त्यानं. मी म्हणायचो, नवा टाकू. तर म्हणायचा, अण्णा, चालतंय ना?"

मी उठलो. अंगणात येऊन रशीदभाईला फोन लावला.

"स्पीकर कुठंय?"

"टेबलावर. हातोडी हातातच हाय, चुंबक सोडवतोय."

"थांब. हात काढ."

"क्या हुआ?"

"कोन फाटला का?"

"न्हाई. स्क्रू काढलेत नुसते. कायको चिल्लाता?"

"कुणालाही हात लावू देऊ नको. येतोय."

"मालक सही देत न्हाई वाटतं," तो म्हणाला. मग माझा आवाज कळला असावा. "ठेवलाय वर, फळीवर. आरामात ये."

दीड तासाचा रस्ता. रशीदभाईने स्पीकर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता, काढलेले चारही स्क्रू वेगळ्या पुडीत. त्याला सगळं सांगितलं. त्याने हातोडी खणात टाकली आणि म्हणाला, "चल, मी पण येतो. जोडताना एक हात जास्त लागंल."

पतंगाच्या कागदाची सुटलेली कड चिकटवावी का, यावर मी टेबलाशी बराच वेळ बसलो. ब्रशवर डिंक घेतला होता. चिकटवली तर कोन अजून वीस वर्षं टिकेल आणि माशी जाईल. ब्रश धुऊन ठेवला.

१६३० ला पुन्हा ओसरीवर होतो. भजन नव्हतं, कुठलीशी लावणी लागली होती. ढोलकीची पहिली थाप पडली आणि आत निळा कागद भुर्र वाजला. अण्णांनी कप खाली ठेवला.

"हां," ते म्हणाले. "आला."

रशीदभाई पेटीकडे बघत म्हणाला, "चाचा, ही माशी आता मी मारणार न्हाई." अण्णा मोठ्याने हसले. इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यात त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

सही करताना त्यांनी विचारलं, "चौघं वाचली म्हणून साहेबांचं पत्र आलं हुतं. आवाज येत नव्हता असंबी त्यात लिवलं हुतं. मग त्यो सुदामच हाय हे तुला कसं कळलं?"

हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. मी बोटाने ओसरीच्या फरशीवर वाजवून दाखवलं. टक-टक. स्प्रिंगचं सांगितलं, तीन वेळा बदल म्हणालो तेही सांगितलं.

"आन् त्यानं बदलू दिली न्हाई?"

"नाही."

"काय म्हणाला?"

"तुम्हाला म्हणायचा तेच."

अण्णांनी मान हलवली. मग त्यांनीही फरशीवर बोट ठेवलं आणि दोनदा वाजवलं. ढोलकी संपेपर्यंत आम्ही तिघं बसून होतो.

रेडिओच्या मागे आतल्या बाजूला मी टॅग बांधला आहे. पुढे कधी कुणी पेटी उघडली तर त्याला कळावं म्हणून. वायर, सहा कंडेन्सर, दोन रेझिस्टर: बदलले. व्हॉल्व्ह: जुनेच. स्पीकर: सदोष, बदलू नये. दुरुस्ती लान्स नाईक सुदाम, युसूफ वडगाव.

त्याखाली एक ओळ आहे, ती रेडिओच्या कामाची नाही. पोस्टवरच्या वहीत तेव्हा लिहायची राहून गेली होती.

१५१२. थ्री. मेसेज मिळाला.