न मिटणारा डोळा

देवीच्या कृपेबद्दल लिहायला बसले आहे खरी, पण माझ्या मनातला राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

मी नटी. सांगलीत हौशी नाटकांतून सुरुवात केली. वडील हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे दिवाणजी होते आणि मुलगी रंगमंचावर उभी राहते याची त्यांना बरीच वर्षं लाज वाटत असे. पुढे मुंबईची व्यावसायिक नाटकं झाली, चार-पाच सिनेमांत नायिकेची बहीण नाहीतर वहिनी झाले, आणि पन्नाशीच्या तोंडावर एका मालिकेतली खाष्ट सासू मिळाली. त्या सासूनं मला घराघरांत पोचवलं. मग एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा सैल पडला होता. डावा डोळा मिटत नव्हता. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे; बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारतं, काहींचं थोडं राहतं. निर्मात्यांनी फोनवर फार गोड आवाजात सांगितलं, "ताई, तुम्ही फक्त आराम करा." आठव्या दिवशी टीव्ही लावला तेव्हा माझी साडी नेसून, माझंच मंगळसूत्र घालून दुसरी बाई माझ्या सुनेला बोल लावत होती. मालिकेतल्या एकाही माणसाला सासूचा चेहरा बदललेला दिसला नाही. सहा वर्षं मला आई म्हणणाऱ्या, सुनेचं काम करणाऱ्या मुलीचाही फोन आला नाही.

मी सांगलीला भावाकडे आले. दिवसा काळा चष्मा, झोपताना पापणीवर चिकटपट्टी. जेवायला एकटीच बसे, कारण घास ओठांतून निसटायचा. माझी वहिनी साधी, देवभोळी. ती रोज म्हणायची, "वन्सं, औंधला जाऊन येऊ. यमाई आपलं कुलदैवत हाय. इतक्या वर्षांत एकदा तरी गेलाय का तुमी?" गेले नव्हते. देवाची आठवण मला फक्त तिसऱ्या घंटेला यायची. शेवटी तिच्या तोंडाला विश्रांती मिळावी म्हणून मी हो म्हटलं.

विट्यावरून आम्ही औंधला पोचलो. वहिनीचे गुडघे धरलेले, म्हणून ती गावातल्या देवळात थांबली आणि डोंगरावरच्या मूळ ठाण्याला मी एकटी निघाले. पदर गालावर ओढून पायऱ्या चढत होते. वाटेत पाणी प्यायला चष्मा काढून, पदर सोडून बसले, तेवढ्यात खाली उतरणाऱ्या दोघी थबकल्या. "आगं, ही शिरेलमधली सासू न्हवं? तोंड बघ कसं झालंय!" दुसरी म्हणाली, "हुईल न्हाई तर काय? त्या गरीब सुनंला लय छळलंय हिनं." त्यांनी माझा फोटो काढला आणि हसत गेल्या. मी उलट बोलले असते तरी प, ब, म ही अक्षरं माझ्या ओठांतून नीट उमटत नव्हती. बाटली तोंडाला लावली, तर सगळं पाणी हनुवटीवरून पोलक्यात गेलं. मग मला रडू फुटलं. देवीच्या दारातच मी देवीला शिव्या दिल्या.

"आसं न्हाई प्यायचं, बाय," कोणीतरी म्हणालं. माझ्या शेजारी एक म्हातारी येऊन बसली होती. माण भागातली मेंढपाळ घरातली असावी. हात राकट, लुगडं धुऊन विटलेलं. तिनं विचारलं न सवरलं, आपल्या पदरानं माझी हनुवटी पुसली. "वारं गेलंय व्हय तोंडावरनं? माझ्या थोरल्या भणीला बी झालं व्हतं. हिकडचा व्हट बोटानं दाबून धर, आन मान उजवीकडं कलती कर." मी तसं केलं. पाणी घशात उतरलं. कित्येक दिवसांत मी पहिल्यांदा न सांडता पाणी प्यायले.

"काय काम करतीस?" तिनं विचारलं.

"नाटकात," मी म्हणाले.

"आसंल," ती म्हणाली आणि उठली. "चल, वर जाऊ." तिनं मला ओळखलं नव्हतं. ओळखून घेण्याची तिला गरजही वाटली नव्हती.

गाभाऱ्यात काळ्या पाषाणाची ती भव्य मूर्ती समोर होती. म्हातारीनं हात जोडून डोळे मिटले. मीही हात जोडले, पण माझा डावा डोळा उघडाच. त्यात पाणी साचत होतं आणि देवी नुसती काळी, हलती दिसत होती. म्हातारीच्या ते ध्यानात आलं असावं. तिनं हात पुढे केला आणि अंगठ्यानं माझी पापणी अलगद खाली ओढून तशीच धरली. "आता माग, काय मागायचं ते," ती हळूच म्हणाली.

मी मागायचं ठरवून आले होते: चेहरा, ती भूमिका, त्या लोकांना अद्दल. पण अंधार झाला तेव्हा काहीच आठवेना. तीस वर्षं मी समोरच्या प्रत्येक डोळ्यात स्वतःला शोधत आले. आपण कशा दिसतो, हे विचारत आले. तेवढ्या दोन-चार श्वासांत तो प्रश्न नव्हता. माझा चेहरा एका परक्या बाईच्या हातात होता आणि मला तो परत घ्यायची घाई नव्हती.

बाहेर आल्यावर गर्दीत ती दिसेनाशी झाली. नाव विचारायचं राहून गेलं. मी तिला देवी म्हणणार नाही. तिच्या टाचा भेगाळलेल्या होत्या आणि तिला खोकला होता. चेहराही औषधानं आणि मालिशनं हळूहळू सुधारला, पूर्ण नाही. मालिकेनं परत बोलावलं नाही. माझ्या जागी आलेल्या बाईला त्याच भूमिकेसाठी बक्षीस मिळालं, ते मी टीव्हीवर शेवटपर्यंत पाहिलं. यंदा सांगलीत हौशी मंडळींच्या एका नाटकात मी छोटं काम केलं. माझा ओठ एका शब्दाला मागे राहिला, तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. मी थांबले, आणि तो शब्द पुन्हा म्हटला.

समर्पण म्हणजे काय, हे मला फारसं कळलेलं नाही. रोज सकाळी माझा सगळा कडवटपणा मी यमाईच्या पायांवर ठेवते. संध्याकाळपर्यंत त्यातला निम्मा मीच परत उचलून आणते. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा ठेवू देते.