मागच्या भिंतीवरचा खडू

घरामागच्या अरुंद बोळात ऊन कधी चुकूनही फिरकत नसे. तिथे मावशींनी वीस वर्षांत कुंड्या मांडून मांडून नेच्यांचं रान उभं केलं होतं. शेजारीण म्हणायची, मावशींनी हिरव्या पिसांच्या कोंबड्या पाळल्यात, नुसत्या फुलारतात, अंडं काही मिळत नाही. मावशींना त्याचं काही नव्हतं. सगळ्यांत जुना नेचा आईच्या अंगणातला. भावाने ते घर विकलं, तेव्हा मावशींनी एवढंच मागून घेतलं होतं.

लेकीकडे पंधरा दिवस राहून आल्या आणि महिन्याभरात नेच्यांची रया गेली. पानांची टोकं करपली. आईच्या नेच्याचे नवे कोंब तर वळलेल्या मुठीसारखे होते तसेच वाळले. लेक फोनवर म्हणाली, पाणी जास्त होतंय. शेजारीण म्हणाली, कमी पडतंय. रोपवाटिकेवाल्याने कीड ठरवून फवारा दिला. मावशींनी सगळ्यांचं ऐकलं, माती बदलली, कुंड्या इकडच्या तिकडे केल्या. सावली तीच, हात तोच, मग चुकतंय कुठे? पुढेपुढे तर आज पाणी घातलं की नाही, हेच आठवेना. आपलंच डोकं चालेनासं झालं की काय, या धास्तीने त्या रोज पाणी घातलं की भिंतीवर खडूने रेघ ओढू लागल्या.

दहाव्या रेघेला हात थांबला. पांढरीशुभ्र, ठसठशीत रेघ. या भिंतीवर खडू उमटतोच कसा?

लेक लहानपणी इथे चित्रं काढायला यायची आणि रडत परतायची, कारण खडूचा चिखल व्हायचा. न्हाणीघराचा पाइप सांध्यातून गळायचा आणि भिंत कायम ओली असायची. मावशींचे यजमान, म्हणजे काका, स्वतः प्लंबर; गावभरचे नळ गप्प करणाऱ्या माणसाच्या घरचाच तेवढा बडबडतो, असे टोमणे मावशींनीच वर्षानुवर्षं मारले होते.

त्यांनी काकांना हाक मारली. काका खुशीत आले. "दिसलं एकदाचं! तू लेकीकडे गेलीस तेव्हाच सांधा बदलला. म्हटलं, बघू हिच्या कधी लक्षात येतंय."

मावशींनी आईचा नेचा दाखवला. काकांनी वाळका कोंब दोन बोटांत धरला, भिंतीला तळवा लावला, मग पुन्हा कोंबाकडे पाहिलं. आत जाऊन पाना घेऊन आले आणि सांध्यापुढे उकिडवे बसले.

"चाळीस वर्षं गळती थांबवत आलो," ते म्हणाले. "मुद्दाम गळवायचं म्हणजे किती फिरवू? जरा जास्त झालं तर धार लागेल."

मावशी खडू घेऊन भिंतीपाशी उभ्या राहिल्या.

"तुम्ही फिरवत राहा. खडू उमटायचा थांबला की सांगते."