कोरियाहून परत न आलेले सुभेदार

कोरियाला जाऊन आलेली माणसं सातारा जिल्ह्यात आणखीही असतील; पण कोरियाहून परतच न आलेला माणूस एकच होता, आणि तो आमच्या शेजारी राहत होता. तसे ते देहाने सन चोपन्नच्या आसपास परतले, लग्न केलं, मुलगी वाढवली, तिला सांगलीजवळ माधवनगरला दिली, पेन्शन घेतली. पण आमच्या शेजारचे सुभेदार बोलायला लागले, की ते अजून तिकडेच कुठेतरी बर्फात उभे आहेत आणि आपण साताऱ्यातून त्यांचं ऐकतोय असं वाटायचं. कोरियाच्या लढाईत आपल्या सैन्यातल्या डॉक्टरांची एक तुकडी जखमींवर उपचार करायला गेली होती, तिच्यात ते स्ट्रेचर उचलायला होते. तेव्हा वय बावीस. पुढे हिंदुस्थानभर बदल्या झाल्या, बढत्या मिळाल्या, पण त्या सगळ्या वर्षांबद्दल त्यांच्या तोंडून मी तोवर एक वाक्य ऐकलेलं नव्हतं. जगात दोनच गावं होती: सातारा आणि कोरिया.

कोरियात मूल जन्मतं तेव्हाच एक वर्षाचं धरतात, हे त्यांना इतकं पटलं होतं की त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांची वयं एकेक वर्षाने वाढवून टाकली होती. बायका त्यांच्यावर चिडून असत. वस्तू देताना आणि घेताना दोन्ही हात लावायचे, हा तिकडचा दुसरा नियम. दूधवाल्याने एका हाताने चरवी पुढे केली तर ते दूध घेत नसत. "दोन हातांनी दे. मान दिल्यावानी दे." दूधवाला म्हणायचा, "आवं सुभेदार, दुसऱ्या हातात सायकल हाय!" तर हे म्हणायचे, "मग सायकल ठेव खाली." पोस्टमनला ते कमरेतून वाकून नमस्कार करत. नवा पोस्टमन आला तेव्हा त्याला वाटलं, म्हातारबाबांचं काही खाली पडलंय. तोही वाकून शोधायला लागला.

एका डिसेंबरात त्यांनी घराची जमीन गरम करायचं ठरवलं. कोरियात चुलीचा धूर जमिनीखालून फिरवून घर ऊबदार ठेवतात. माणसं तापलेल्या जमिनीवर बसतात, जेवतात, झोपतात. सुभेदारांनी गवंडी बोलावून बाहेरच्या खोलीच्या शहाबादी फरश्या उखडल्या, खालून चर खणला आणि मागच्या अंगणात चूल मांडली. पहिल्याच दिवशी फरशी इतकी तापली की मांजर सोडून कोणी तिथे टेकू शकलं नाही, आणि धूर आमच्या न्हाणीघराच्या मोरीतून वर आला. आई ओल्या केसांनी बाहेर धावली. सुभेदारीणबाई अंगणात डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. "लढाई संपली म्हणं!" त्या आईला म्हणाल्या. "माझ्या घरात कुठं संपली?"

पण या सगळ्यावर ताण होती ती किमची. किमची म्हणजे कोबीचं आंबवलेलं लोणचं. तिकडे दोन्ही वेळच्या जेवणात तेच असतं. दिवाळी झाली की सुभेदार मंडईतून कोबीचे गड्डे आणत, सांगलीहून मागवलेल्या लाल मिरचीचं तिखट, आलं, पाटाभर लसूण आणि सुकट घालून ते कोपरापर्यंत हात माखून कालवत, आणि चिनी मातीच्या बरणीत दाबून ती बरणी पेरूच्या झाडाखाली गळ्यापर्यंत पुरत. तिकडच्या जमिनीत बर्फाचा गारवा असतो, आमच्या जमिनीत नसतो, हा फरक त्यांनी कधी मानला नाही. बरणी उघडायची वेळ नेमकी मार्गशीर्षातल्या गुरुवारी यायची. इकडे घराघरात पाटावर कलश मांडलेला, आणि भिंतीपलीकडून आंबलेल्या कोबीचा नि सुकटीचा वास. एकदा लेकीसाठी म्हणून ते डबाभर किमची घेऊन सांगलीच्या एसटीत बसले. कऱ्हाड स्टँडवर उन्हात गाडी उभी असताना डब्याचं झाकण आपोआप उडालं आणि पुढच्या बाकावरच्या माणसाच्या टोपीवर जाऊन बसलं. कंडक्टर नाकाला रुमाल लावून म्हणाला, "म्हातारबा, ह्यात मढं-बिढं हाय का काय?" सुभेदार शांतपणे म्हणाले, "किमची हाय. देऊ का?" उरलेला प्रवास त्यांनी टपावर, डब्यासोबत केला.

दर रविवारी दुपारी ते वाटीभर किमची घेऊन ओट्यावर बसत. मी आमच्या खिडकीतून बघायची. पहिला घास घेण्याआधी ते डोळे मिटत आणि श्वास रोखत. मग चावत, पुष्कळ वेळ चावत, गिळत, आणि पुन्हा श्वास रोखत. वाटी पुसून संपवत. मला वाटायचं, माणसाला एखादी चव इतकीही आवडू शकते. माझं निरीक्षण चांगलं आहे असं लोक म्हणतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला आमच्या गल्लीत पहिला कोरियन टीव्ही आला. सुभेदार नारळ घेऊन बघायला गेले. कार्यक्रम काय चाललाय इकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते टीव्हीच्या मागे जाऊन कुठे बनला ते छापलेल्या अक्षरांवर बोट फिरवत होते. "उपाशी बघितल्यात म्या ही मान्सं," ते म्हणाले. "आता टीव्ही करून इकाया लागली. लय बरं वाटलं." त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना कळलं, की शिरवळला एका नव्या कारखान्यात यंत्रं बसवायला खराखुरा कोरियन इंजिनियर आलाय. दुसऱ्या दिवशी निळा कोट आणि त्यावर सगळी पदकं लावून ते एसटीने खंबाटकी घाट ओलांडून शिरवळला गेले आणि फाटकाशी जाऊन उभे राहिले. वॉचमनने विचारलं, "कुणाला भेटायचंय बाबा?" ते म्हणाले, "कोरियाला." असे तीन दिवस गेले. तिसऱ्या संध्याकाळी एक मोटार बाहेर आली, सुभेदार कमरेतून वाकले, मोटार थांबली, आतला माणूस उतरून वाकला, म्हणून सुभेदार आणखी वाकले, म्हणून तो आणखी. शेवटी ड्रायव्हरने हॉर्न दिला. सुभेदारांना येत होतं तेवढं कोरियन म्हणजे एक ते दहा आकडे. ते त्यांनी खडाखड म्हणून दाखवले. वॉचमनच्या मदतीने रविवारचं जेवणाचं आमंत्रण दिलं आणि घरी येऊन थेट आमच्या दारात उभे राहिले.

"पोरी, रविवारी माझ्यासंगं बसायचं. त्याचं इंग्लिश तू मला सांगायचं, माझं मराठी त्याला."

गल्लीत इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटीच होते. "साह्यबावानी फाडफाड बोलती," असं ते सगळ्यांना सांगत. मी अनोळखी माणसाशी मराठीतही बोलत नसे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हा मी सोळा वर्षांची होते. त्यांच्या हिशेबाने सतरा.

तो इंजिनियर पन्नाशीचा, बारीक, फार हसऱ्या चेहऱ्याचा होता. सुभेदारीणबाईंनी पुरणपोळी केली होती. त्याने बूट न सांगता दाराशी काढले तेव्हा सुभेदारांनी विजयी नजरेने सगळ्या गल्लीकडे पाहिलं. किमचीची वाटी त्याने दोन्ही हातांनी घेतली, एक पान खाल्लं, डोळ्यांत आलेलं पाणी पुसलं आणि काहीतरी छानसं म्हणाला. मी ते भाषांतर करून सांगितलं. इथवर सगळं बरं चाललं होतं. मग सुभेदार सरळ होऊन बसले आणि माझ्याकडे न बघता बोलू लागले.

पहिल्याच हिवाळ्यात त्यांना ताप भरला होता. तंबूत जागा नव्हती म्हणून त्यांना एका म्हातारीच्या घरात ठेवलं. "जमिनीचा ऊन कोपरा तिनं मला दिला. तीन राती. सोता गारठ्याच्या अंगाला झोपली. निघायच्या दिशी तिनं वाटीभर किमची आनून दिली. वास सोसंना. म्या भाईर गेलो, भिंतीमागं बर्फात वाटी उपडी केली. वळून बघतो तर म्हातारी दारात." त्यांनी आपलं ताट बाजूला सारलं. "खाली बसली. बर्फातनं एक एक पान उचललं तिनं. आन् माझ्याम्होरंच खाल्लं." मग ते म्हणाले, "पोरी, त्याला सांग. चाळीसाच्या वर वर्सं झाली, मी दर वर्साला ते खातो. अजून मला आवडत न्हाई. त्याला म्हणावं, म्हातारी तर गेली असंल. तिच्या मुलखातले म्हणून तुमीच सांगा, ह्ये माफ हुईल का?"

सुभेदारीणबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनीही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्यांच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली होती.

इंजिनियर माझ्याकडे बघत होता. मला सगळे शब्द येत होते, हे मला कबूल केलंच पाहिजे. पण पाहुण्याला, आणि तोही जेवत असताना, तुमच्या देशाचं अन्न यांनी फेकून दिलं असं सांगायचं? आमच्या शाळेत सभ्यपणाचा जो धडा मी सगळ्यांत नीट शिकले होते तो हा, की अवघडवाणं काही बोलायचं नाही. मी त्याला सांगितलं, की लढाईच्या पहिल्या हिवाळ्यात एका आजीबाईंनी यांना किमची दिली होती, ती यांना फार आवडली, ते अजून ती चव विसरलेले नाहीत.

तो हसला नाही. त्याने वाटी खाली ठेवली. मग हळू इंग्रजीत म्हणाला, "त्या हिवाळ्यात मी पाच वर्षांचा होतो. आमच्या घरी खायला काही नव्हतं, आई झाडाच्या साली उकळायची. त्या बाईंनी यांना किमची दिली, म्हणजे स्वतःच्या तोंडचा घास दिला असणार. यांनी ती खाल्ली आणि इतकी वर्षं आठवण ठेवली, याचं मला समाधान वाटतं." आणि तो बसल्या जागी सुभेदारांपुढे कपाळ जमिनीला टेकेपर्यंत वाकला.

"काय म्हनला?" सुभेदारांनी विचारलं. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

आता यातलं मी काय सांगणार होते? एकदा बोललेलं मागे घ्यायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. मी म्हणाले, "म्हणतात, इतकं मनाला लावून घेऊ नका."

सुभेदारांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर पेरूखाली बरणी पुरली गेली नाही. मार्गशीर्षातले गुरुवार बिनवासाचे गेले. बायकांनी सुस्कारा सोडला, आईने देवापुढे साखर ठेवली. रविवारी दुपारी सुभेदार ओट्यावर नुसते बसत, शेंगदाणे खात, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत. कधी नव्हे ते काश्मीरबद्दल, झाशीबद्दल बोलत. दूधवाल्याला ते एका हाताने दूध देऊ देत. एकदा तर त्यांनी माझं वय बरोबर सांगितलं. मला ते ऐकून कसंतरीच झालं.

एक दिवस त्यांनी मला बोलावून कोरा कागद पुढे ठेवला. "त्यो काय म्हनला हुता, ते त्याच्या इंग्लिशमधी लिहून दे. शब्दाला शब्द." मी त्याच्या तोंडी घातलेलं तेच वाक्य इंग्रजीत लिहून दिलं. माझं अक्षर शाळेत नावाजलेलं होतं. त्यांनी तो कागद काचेच्या चौकटीत बसवून पदकांच्या शेजारी टांगला, आणि घरी कोणी आलं की ते चौकटीकडे बोट दाखवत. पाहुणा नुसती मान डोलवायचा. मी त्या खोलीत गेले की भिंतीकडे पाठ करून बसायची.

खरं सांगितलं असतं, तर कदाचित तो इंजिनियर हेच म्हणाला असता. उपासमार पाहिलेला माणूस होता. कदाचित याहून मोठं काही म्हणाला असता. कदाचित नसताही. ते ठरवायचा हक्क त्याचा होता, आणि ऐकायचा हक्क सुभेदारांचा. त्या दोघांच्या मधे मी बसले होते.

गेल्या थंडीत सुभेदार वारले, झोपेतच. सुभेदारीणबाई आता माधवनगरला लेकीकडे जायला निघाल्या. सामान बांधायला मी मदत करत होते. त्यांनी भिंतीवरची चौकट काढली, पदराने काच पुसली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "एकदा वाचून दाखव गं. मराठीत."

मी वाचून दाखवलं.

"देवमाणूस हुता त्यो," त्या म्हणाल्या. मी चौकट लुगड्याच्या घडीत नीट गुंडाळली आणि ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवली, म्हणजे काच फुटणार नाही.